खोट्या चिठ्ठीने हरवलेला रानपिंगळा

शिकारी पक्षी म्हटले की घार, ससाणा, गरुड यांची नावे चटकन आठवतात. घुबडे मात्र राहून जातात. वास्तविक बाकदार चोच, अणकुचीदार नख्या आणि जिवंत भक्ष्य पकडून खाण्याची सवय पाहता घुबडेही शिकारी पक्षीच होत. त्यांतील रानपिंगळा हे लहानसे घुबड भारताखेरीज जगात कोठेही आढळत नाही. बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या कुशीत अंबाबरवा अभयारण्य आहे. ते मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग असून मेळघाटचे सागवन हे आज रानपिंगळ्याचे एक प्रमुख आश्रयस्थान आहे. असे असूनही शास्त्राच्या दृष्टीने हा पक्षी तब्बल ११३ वर्षे बेपत्ता होता. तो कसा हरवला आणि कसा सापडला, हे पाहण्यासारखे आहे.

रानपिंगळ्याचा पहिला नमुना १८७२ मध्ये ब्लेविट यांनी आजच्या छत्तीसगडमधील बसना परिसरात मिळवला. पुढच्या वर्षी अ‍ॅलन ह्यूम यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले. त्यानंतर जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने खानदेशातून आणखी काही नमुने गोळा केले. १८८४ नंतर मात्र खात्रीची नोंद नाही. अपवाद एकच. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहातील एका नमुन्याच्या चिठ्ठीवर ‘मांडवी, गुजरात, १९१४’ अशी नोंद होती. ती खरी मानून शोध घेणाऱ्यांच्या हाती काहीच लागले नाही. हा पक्षी नामशेष झाला असावा, असे अनेकांना वाटू लागले.

पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञांना त्या चिठ्ठीबद्दल शंका आली. संग्रहालयात ठेवण्यासाठी पक्ष्याचे कातडे सोलून, वाळवून, आत कापूस भरतात. हे काम करण्याची प्रत्येकाची धाटणी हस्ताक्षरासारखी वेगळी असते. ‘मांडवी’च्या नमुन्याची बारकाईने तपासणी केली, तेव्हा त्यावर डेव्हिडसन यांच्या हाताच्या खुणा दिसल्या. तो नमुना ब्रिटिश संग्रहालयातून चोरून, पुन्हा भरून, खोटी चिठ्ठी लावलेला होता!

खोटी नोंद बाजूला सारताच शोधाची दिशा बदलली. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट हे जुन्या खऱ्या नमुन्यांच्या ठिकाणी गेले. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी, भर दिवसा, त्यांना रानपिंगळा दिसला. पुढे तोरणमाळ, तळोदा, मेळघाट येथेही त्याच्या नोंदी झाल्या.

आता त्याची ओळख करून घेऊ. गावातल्या चिंचेवर, वडावर राहणारा नेहमीचा पिंगळा आपल्या परिचयाचा आहे. त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके स्पष्ट दिसतात. रानपिंगळा त्याहून थोडा मोठा, सुमारे २३ सेंटिमीटर लांबीचा असतो. त्याच्या डोक्यावर ठिपके जवळजवळ नसतात, छाती गडद तपकिरी, पोटाचा खालचा भाग पांढरा आणि शेपटीवर रुंद पट्टे असतात. बहुतेक घुबडांप्रमाणे तो केवळ रात्रीचा पक्षी नाही. सकाळच्या उन्हात निष्पर्ण फांदीवर बसून तो सरडे, उंदीर, कीटक टिपतो. घरट्यासाठी त्याला झाडाची तयार ढोली लागते, कारण लाकूड कोरणे त्याच्या चोचीला जमत नाही. ढोल्या जुन्या झाडांनाच असतात. म्हणूनच जुनी झाडे तोडली की आसपास जंगल दिसत असूनही रानपिंगळा बेघर होतो. जादूटोण्यासाठी घुबडे पकडण्याची अंधश्रद्धाही त्याच्या जिवावर उठते.

नवी ठिकाणे सापडल्यामुळे २०१८ मध्ये जागतिक लाल यादीत त्याचा धोक्याचा दर्जा एका पायरीने सौम्य झाला. तरी प्रौढ पक्ष्यांची संख्या हजाराच्या आतच असावी असा अंदाज आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण त्याला आहे. पण पक्षी नेमका कोठे आहे हे ठाऊक असेल, तरच तेथील जंगल राखता येते. एका खोट्या चिठ्ठीने नेमकी हीच माहिती अनेक वर्षे झाकोळून टाकली.

सातपुड्याच्या पायथ्याच्या शाळांना येथे चांगला वाव आहे. विद्यार्थ्यांना पक्ष्यांची नोंदवही ठेवायला सांगावे. तारीख, वेळ, ठिकाण, झाड, पक्षी काय करीत होता आणि अंगावरच्या कोणत्या खुणा प्रत्यक्ष दिसल्या, एवढे लिहावे. ओळख पटली नसेल तर नाव न लिहिता केवळ खुणा नोंदवाव्यात. ढोलीजवळ जाऊ नये आणि तिचा पत्ता वन विभागाखेरीज कोणाला सांगू नये. ‘डोक्यावर ठिपके दिसले नाहीत, सकाळी साडेआठ, सागाची वाळकी फांदी’ एवढी प्रामाणिक ओळसुद्धा अभ्यासकाला त्या झाडापर्यंत नेऊ शकते.