गिऱ्हाइकाचा नंबर वहीत नको

दुकानदार मंडळी, उधारीची वही हरवली तर नुकसान आपले. पण त्याच वहीत गिऱ्हाइकाच्या बँक-कार्डाचा नंबर असेल तर? मग नुकसान त्याचे. आणि त्याने तर विश्वासाने नंबर सांगितलेला!

कार्डावर बहुधा १६ आकडी नंबर असतो. मुदतीची तारीख असते. मागच्या बाजूला ३ गुप्त आकडे असतात. एवढे हाती आले की चोराचे अर्धे काम झाले. मग तो 'बँकेतून बोलतोय' असं सांगून ओटीपी काढून घेतो.

म्हणून १ ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे : दुकानदाराने कार्डाचा पुरा नंबर साठवून ठेवायचा नाही. शेवटचे ४ आकडे आणि बँकेचे नाव ठेवता येते. हिशेबाला तेवढे पुरते.

तेव्हा नंबर वहीत लिहू नका, मोबाइलात फोटो ठेवू नका. जुना लिहिलेला असेल तर गडद शाईने खोडा. पिन गिऱ्हाइकालाच दाबू द्या. आपण तोंड फिरवावे.

तरीही कोणाचे पैसे गेले, तर त्याला लगेच बँकेला कळवायला आणि १९३० नंबरला फोन करायला सांगा. वेळ घालवू नये.

जे आपण ठेवलेच नाही, ते चोर नेणार कुठून?