कणसरी आधी, मग आपण

डहाणू, जव्हारकडच्या वारली पाड्यांवर नवं भात हाताशी आलं तरी लगेच चुलीवर चढत नाही. आधी कणसरीला, म्हणजे धान्यदेवीला, आणि कुळाच्या देवांना दाखवायचं, मगच घरच्यांनी तोंडात घास घालायचा. तारप्यालाही असाच नेम. वाळवलेला भोपळा, मेणाने बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या आणि टोकाला ताडपानांचा कर्णा असं हे वाद्य लावणीच्या दिवसांत वाजत नसे. भात पिकू लागलं की ते बाहेर निघे. वाजवणारा दम न तोडता फुंकतो, त्याने चाल बदलली की कमरेला हात घालून त्याच्याभोवती रिंगणात नाचणारी रांग पाऊल बदलते, पण तारप्याकडे पाठ करत नाही. लोकांना आठवतो तो हा नाच. सणाचं मर्म मात्र त्याआधीच्या थांबण्यात आहे, आणि काय टिकलं, काय गेलं हे त्यावरूनच ठरवायला हवं.

आता तारपा ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनाला, भर पावसातही वाजतो. मंचावर तर रिंगणच उघडतं, कारण तोंड प्रेक्षकांकडे हवं! हंगाम सुटला म्हणजे सण सुटला, हा जाणत्यांचा आक्षेप पोकळ नाही. पण हंगाम बदलणं इथे नवं नाही. डोंगरउतारावरच्या फिरत्या शेतीवर ब्रिटिश वनखात्याने निर्बंध आणले. नागली-वरईच्या जोडीला खाचरातल्या भाताचं महत्त्व वाढलं, तरी कणसरी राहिली. पुढे जमीन सावकार-जमीनदारांकडे गेली आणि वेठीचा माणूस आधी मालकाच्या शेतात राबू लागला. १९४५च्या वारली उठावाने ती वेठ मोडली. वनहक्क कायदा २००६चा; त्याखालच्या दाव्यांसाठी निघालेल्या मोर्चात तारपा वाजला तर त्याला निव्वळ देखावा कसं म्हणायचं? कापणीचा सण असायला कापायला शेत लागतं.

रेशनच्या तांदळाने भाद्रपदातली ओढ कमी केली, तेव्हा नव्याची वाट पाहण्यात अर्थ उरला नाही, असंही म्हणता येईल. मला उलट वाटतं. नेम नव्या पिकाचा आहे, तांदळाचा नाही. घरात दुसरं धान्य असलं तर तो पाळणं सोपंच जातं. खरा ताण डीजेचाही नाही (तो फार तर कानांना त्रास देतो), स्थलांतराचा आहे. बहुतेकांचं पीक पावसाळी, एकच. दिवाळी उरकली की कुटुंबंच्या कुटुंबं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. उचल आधीच घेतलेली असते, त्यामुळे झोडणी घाईची आणि खळ्यावरच्या रात्री मोजक्याच. स्पर्धा भरवून किंवा पोशाख वाटून हे बदलणार नाही. त्यासाठी कार्तिकात गावातच रोजगार हमीचं काम निघायला हवं आणि त्याची मजुरी उचलीच्या आधी हातात पडायला हवी.