यंत्र आधी की माणसाची रीत?



नवे यंत्र करणे हे इंजिनियरचे काम, असे आपण म्हणतो. ते खरे आहे. पण त्याच्या आधी एक काम असते. ज्याच्यासाठी यंत्र करायचे, तो माणूस रोज काय करतो, निरोप कसा धाडतो, अडलं तर कोणाला विचारतो, हे बघावे लागते. ते कसे, ते सांगतो.

दिवाळी झाली की आपल्या बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कोणी कोल्हापूर-सांगलीला, कोणी थेट कर्नाटकात. माझे आई-वडीलही जातात. आमच्या घरी एक खूण ठरलेली होती. एक मिसकॉल आला तर 'सुखरूप पोचलो', लागोपाठ दोन आले तर 'तुम्ही फोन करा'. समोरच्याने फोन उचलला नाही तर पैसे पडत नाहीत ना! ही युक्ती कोण्या कंपनीने शिकवली नाही. लोकांनीच काढली. मागून मोठ्या लोकांनी ती उचलली. बँकेच्या नंबरावर मिसकॉल दिला की खात्यातली शिल्लक कळते. २०११ साली लोकपाल कायद्याच्या आंदोलनात लोकांनी मिसकॉल देऊनच पाठिंबा कळवला.

आता दुसरी गोष्ट, तीही उसाचीच. कोल्हापूर जिल्ह्यात वारणानगर आहे. तिथे सहकारी साखर कारखाना आहे. १९९८ साली सरकारने तिथल्या खेड्यांसाठी कॉम्प्युटरची योजना काढली. गावोगावी केंद्रे झाली. शेतीची माहिती, बाजारभाव, शिक्षण, सगळे त्यावर मिळावे असा बेत होता. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधकांनी जाऊन पाहिले. शेतकरी केंद्रावर येत, पण मुख्यतः कारखान्याच्या कामासाठी. माझा ऊस किती टन भरला? खत किती उचलले? एवढेच विचारायचे, तर मोठा कॉम्प्युटर सांभाळायचा खर्च कशाला? मग त्यांनी ७ गावांत कॉम्प्युटरच्या जागी मोबाइल वापरून पाहिला. फोनवरून लहानसा निरोप धाडायचा, की उत्तर निरोपानेच परत. काम भागले आणि खर्चही कमी झाला. आधी बघितले असते तर? असे मला वाटते.

आता माझी गोष्ट. मागच्या वर्षी हंगामी वसतिगृहात नाव नोंदवायची सूचना आईच्या फोनवर लेखी आली. मी सुट्टीत मामाच्या गावी होतो. आईला वाचता येत नाही, वडील दिवसभर फडात. सूचना चार दिवस तशीच पडून राहिली. शेवटी आईने शेजारच्या कोपीतल्या पोराला विचारलं, "बघ रं बाळा, काय लिव्हलंय?" म्हणून माझं नाव राहता राहता वाचलं. नाहीतर मलाही फडावरच जावं लागलं असतं, अन् शाळा बुडाली असती.

त्यात आईची चूक काय? सूचना पाठवणाऱ्याने धरून चालले की फोन ज्याच्या हातात, त्याला वाचता येते. पण आमच्याकडे निरोप वाचत नाहीत, ऐकतात. गावात दवंडी त्यासाठीच तर पिटत होते! तीच सूचना कोणी बोलून पाठवली असती, तर आईला त्याच दिवशी कळले असते.

म्हणून आता मी एक काम धरले आहे. शाळेची सूचना आली की ती मोठ्याने वाचतो, फोनमध्ये आवाज भरतो आणि फडावर धाडतो. आई म्हणते, "आता कसं, गुरुजीच बोलल्यावानी वाटतं."

मित्रांनो, ज्यांच्या घरचे फडावर गेले आहेत, त्यांनी हे करून बघा. बटण दाबून धरायचे, सावकाश बोलायचे, तारीख दोनदा सांगायची. आणि पालकांनो, फोनवर काही आले आणि कळले नाही, तर लाजू नका, लगेच विचारा. माणसाने यंत्राला शरण जायचे नसते, यंत्रानेच माणसाची रीत शिकायची असते.

— इयत्ता ७ वीचा एक विद्यार्थी