वेगाचा कारभारी

पंचवटीत गोदावरीला पूर आला, की पाणी किती चढले ते दुतोंड्या मारुतीवरून सांगतात. गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीला लागले. वर गंगापूर धरणातून किती विसर्ग सोडायचा, हे मात्र साठा आणि आवक पाहून ठरते. मोजमाप, दरवाजे आणि मधला निर्णय अशी ही व्यवस्था. संगणकाच्या प्रोसेसरचा वेगही अशाच व्यवस्थेने ठरतो.

प्रोसेसरचा वेग कायम एकच असतो, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात तो क्षणोक्षणी बदलतो, आणि त्यामागे विजेचा हिशेब आहे. प्रोसेसरमधल्या उघडझापीला लागणारी वीज वारंवारतेच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्याही प्रमाणात वाढते. वारंवारता उतरवली की व्होल्टेजही उतरवता येते. दोन्ही 20 टक्क्यांनी उतरवली, तर ही वीज सुमारे 51 टक्के लागते. काम संपायला सव्वापट वेळ लागेल. तरी त्या कामाची एकूण ऊर्जा 64 टक्क्यांवर येते.

लिनक्समध्ये हा निर्णय घेणाऱ्या भागाला ‘गव्हर्नर’ म्हणतात. शेतातल्या डिझेल इंजिनालाही गव्हर्नर असतो. पण दोघांची रीत उलटी आहे. इंजिनाचा गव्हर्नर भार बदलला तरी फेरे तेच राखतो. संगणकाचा गव्हर्नर भार पाहून वेग बदलतो. ‘परफॉर्मन्स’ वेग चढा ठेवतो, ‘पॉवरसेव्ह’ उतरता. ‘ऑनडिमांड’ काम वाढले की झटकन वर जातो, ‘कन्झर्वेटिव्ह’ पायरीपायरीने चढतो. 2016 साली आलेला ‘शेडयुटिल’ कामांची पाळी लावणाऱ्या शेड्युलरकडूनच भाराची माहिती घेतो.

मग सरळ ‘पॉवरसेव्ह’ लावून मोकळे का होऊ नये? कारण प्रोसेसर मंद केला, तरी पडदा आणि मेमरी तेवढा जादा वेळ जागीच राहतात. कधीकधी काम वेगाने उरकून गाढ झोपी जाणेच स्वस्त पडते. शिवाय नावेही फसवी आहेत. इंटेलच्या बऱ्याच नव्या प्रोसेसरांवर ‘पॉवरसेव्ह’ लावले तरी वेग तळाला खिळून राहत नाही, भारानुसार वरखाली होतो.

म्हणून आधी पाहावे, मग बदलावे. ‘सीपीयूपॉवर’ या आज्ञावलीतून चालू गव्हर्नर आणि वेगाच्या मर्यादा दिसतात. प्रशासकाचा अधिकार असेल तर त्या बदलताही येतात. मात्र यंत्र पुन्हा सुरू केल्यावर हा बदल सहसा टिकत नाही, तो कायम करण्याची वेगळी सोय करावी लागते. उन्हाळ्यात तापणाऱ्या जुन्या लॅपटॉपला कमाल वेगाची मर्यादा थोडी खाली आणणे पुष्कळदा गव्हर्नर बदलण्याहून जास्त मानवते. पंख्याचा आवाज उतरतो, बॅटरी लांबते आणि लिहिण्या-वाचण्याच्या कामात फरक जाणवतही नाही. जुने यंत्र आणखी काही वर्षे वापरात राहणे हीही बचतच.