खेळण्यातली मोटार खरी कशी दिसते?

श्रोतेहो, दोन डोळ्यांनी पाहिले की वस्तू जवळ आहे की दूर, हे आपल्याला चटकन कळते. कॅमेऱ्याला डोळा एकच. जवळची लहान मोटार आणि दूरची मोठी मोटार त्याला सारखीच. अमेरिकेतील मायकेल पॉल स्मिथ यांनी याच युक्तीने, १/२४ मापाच्या मोटारी मांडून, एल्गिन पार्क नावाचे कुठेच नसलेले गाव छायाचित्रांत वसवले.

सुरत-भुसावळ लोहमार्गावरच्या आपल्या खांडबाऱ्यातही हे जमेल. त्याच मापाची, सुमारे १८ सेंटिमीटर लांब मोटार घ्या. बाकावर फळी ठेवून माती पसरा. माती चाळूनच घ्या बरे का! १ सेंटिमीटरचा खडा चित्रात २४ सेंटिमीटरचा धोंडा होऊन बसतो. मागे दूरची खरी झाडे येऊ द्या; फळीची कड त्यांच्या बुंध्याशी मिळवा. उभ्या माणसाचा डोळा जमिनीपासून साधारण १५० सेंटिमीटरवर असतो. त्याला २४ ने भागा, सव्वासहा आले. फोनचे भिंग फळीपासून तेवढ्याच उंचीवर धरा. अगदी जवळ जाऊ नका, नाहीतर मागची झाडे पुसट होतात आणि सोंग उघडे पडते.

गुरुजी, भागाकार तर मुले शिकतीलच. पण असा फोटो स्वतः काढलेले मूल, उद्या फोनवर पुराचे वा अपघाताचे चित्र आले तर लगेच घाबरणार नाही. आधी विचारील, हे काढले कुणी, आणि कुठून? एवढे विचारायला शिकले, तरी प्रयोग साधला.