मोबाइलवर गिऱ्हाईकाची नजर कुठे थांबते?

मालेगावची साडी असो, भिवंडीचे ग्रे कापड असो की सोलापूरची चादर, परगावचा खरेदीदार आता दलालाला विचारण्याआधी गूगलवर मालाचे नाव टाकून पाहतो. मात्र संगणकावर तो जसे वाचतो तसे मोबाइलवर वाचत नाही. हा फरक आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांनी समजून घेणे जरूरीचे आहे.

जेकब निल्सन या तज्ज्ञाने २००६ साली २३२ लोकांच्या नजरेची हालचाल यंत्राने टिपली. संगणकावर लोक वरच्या एक-दोन ओळी आडव्या वाचतात, मग डावी कड धरून नजर खाली उतरते, असे त्यात दिसले. म्हणजे इंग्रजी एफ अक्षराचा आकार. (उर्दू-अरबी वाचणाऱ्याचा हाच आकार उलटा, उजव्या कडेने.)

मोबाइलवर आडवे फिरायला जागाच नाही. एका वेळी जेमतेम दोन-तीन निकाल दिसतात. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१५ साली दोन्ही पडद्यांची तुलना केली, तेव्हा छोट्या पडद्यावर माहिती वेचणे लोकांना जड गेले, तरी ते पान फारसे खाली सरकवत नव्हते. गंमत म्हणजे अचूक उत्तर मिळण्यात व लागणाऱ्या वेळेत मोठा फरक पडला नाही. म्हणजे गिऱ्हाईक अडाणी नाही. समोर आहे त्यातूनच तो निवड करतो.

समोर काय असते? बहुधा आधी जाहिराती, नंतर नकाशा व तीन दुकाने. पूर्वी तेथे सात दुकाने दिसत. ऑगस्ट २०१५ पासून गूगलने तीनच ठेवली. चौथ्याला पाहण्यासाठी आणखी एकदा बोट लावावे लागते, आणि ते कष्ट किती जण घेतात?

आपल्याकडे वेबसाइटचे शीर्षक लग्नपत्रिकेसारखे लिहितात : 'ग्राहकांच्या सेवेत सदैव तत्पर, जुने व विश्वासू...' मालाचे नाव येईपर्यंत ओळ तुटते. त्याऐवजी 'सुती लुंगी, ठोक विक्री, मालेगाव' असे लिहावे. पेढीचे नाव त्यानंतर. पण नकाशावरील नोंदीत मात्र पाटीवरचे खरे नावच द्यावे. तेथे मालाची नावे घुसडणे गूगलच्या नियमाविरुद्ध आहे, नोंद स्थगितही होऊ शकते. माल कोणता ते सांगण्यासाठी वर्गवारीचा रकाना आहे, तो नीट भरावा.

वेळेचा रकाना तर बहुतेक जण कोराच सोडतात. जुम्याला नमाजसाठी दुकान बंद असेल तर शुक्रवारच्या वेळा दोन भागांत देता येतात; रमजान व ईदच्या वेळाही वेगळ्या भरता येतात. लांबून आलेल्या गिऱ्हाईकाला कुलूप दिसले तर तो शेजारच्या पेढीवर जातो.

आपले दुकान कसे दिसते हे स्वतःच्या गाळ्यात बसून पाहू नये. गूगल जागा पाहून निकाल बदलते, तेथे आपण वरच दिसणार. परगावच्या एखाद्या आडत्याला त्याच्या मोबाइलवर मालाचे नाव टाकायला सांगावे व पडद्याचा फोटो मागवून घ्यावा.