गहू न चालणाऱ्या लेकरासाठी ज्वारी-संत्र्याचा केक

भीमजयंतीच्या रात्री बारा वाजता वस्तीत केक कापला जातो. पोरांची गर्दी होते, प्रत्येकाच्या हातावर तुकडा पडतो. अशा गर्दीत एखादी आई आपल्या लेकराचा हात मागे ओढते. "थोडंसं खाल्ल्यानं काय होते?" असे आजूबाजूचे म्हणतात. बाई उगाच नखरे करते, असेही कुणाला वाटते. पण त्या लेकराला गहू चालत नसेल, तर मैद्याचा तो एक तुकडाही त्याच्या आतड्याला इजा करतो. हे अंगावर दिसत नाही, म्हणून लोकांना पटत नाही.

या आजाराला सिलिॲक म्हणतात. तो ओळखायचा कसा आणि असे लेकरू घरात असेल तर त्याच्यासाठी, आणि त्याच्यासोबत सगळ्यांसाठी, घरच्या कढईत फळांचा केक कसा करायचा, हे या वेळी पाहू. या केकमध्ये गहू नाही, अंडे नाही, दूधही नाही. लागणारे जवळजवळ सगळे सामान आपल्या विदर्भाच्या मातीतले आहे.

ग्लूटेन म्हणजे काय?

कणीक मळली की ती ताणता येते, पातळ पोळी लाटता येते. ज्वारीचे पीठ तसे ताणले जात नाही. म्हणून भाकर लाटत नाहीत, थापतात. हा फरक आपल्या घरातल्या प्रत्येक बाईला हाताने माहीत आहे. कणकेला ताण देणारा जो चिकट पदार्थ आहे, तोच ग्लूटेन. ते गव्हातले एक प्रथिन आहे. तशीच प्रथिने जवात आणि राय या धान्यातही असतात. ज्वारी, बाजरी, तांदूळ, मका, नाचणी यांत ती नसतात.

बहुतेक माणसांना ग्लूटेनचा काही त्रास नाही. पण काहींच्या शरीराची संरक्षण यंत्रणा ग्लूटेनमुळे बिथरते आणि स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. आतड्याच्या आतल्या बाजूला बारीक बोटांसारखे उंचवटे असतात. अन्नातले सत्त्व तेच शोषून घेतात. या आजारात ते झिजून सपाट होतात. मग लेकरू पोटभर खाते, पण अंगाला लागत नाही.

गव्हाशी असलेला हा संबंध नेदरलँड्समधील विलेम डिके या बालरोगतज्ज्ञाने सिद्ध केला. दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथे मोठा दुष्काळ पडला. गव्हाचा पाव मिळेनासा झाला. लोक उपासमारीत असताना त्यांच्याकडची ही आजारी मुले मात्र सुधारू लागली. पाव परत आला आणि मुले पुन्हा आजारी पडली. गव्हाचा दोष आहे ही शंका डिके यांना आधीपासून होती. त्यांनी मुलांना वेगवेगळी धान्ये देऊन ती तपासली आणि १९५० मध्ये आपला प्रबंध मांडला. त्याआधी अशी कित्येक मुले "अशक्तपणा" म्हणून दगावली होती.

कधी शंका घ्यावी?

आपल्या वस्तीत लेकरू फिकट दिसले की पहिला विचार सिकलसेलचा येतो. तो यायलाच हवा, कारण विदर्भात सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. ती तपासणी आधी करून घ्या. सिकलसेल आहे की नाही हे कळण्याआधी आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय लोहाच्या गोळ्या सुरू करू नका. पण सिकलसेल नाही असे कळले, लोहाचे औषध महिनोन्‌महिने दिले आणि तरी रक्त वाढत नाही, तर पुढचा प्रश्न विचारावा लागतो. दिलेले लोह आतड्यात शोषले जाते का?

सोबत यांपैकी काही असेल तर शंका अधिक पक्की होते:

- वारंवार पातळ, दुर्गंधी असलेली शौच किंवा कधी उलट बद्धकोष्ठ
- पोट फुगलेले, पण हातपाय काड्यांसारखे
- वर्षभरात उंची आणि वजन न वाढणे
- तोंडात सतत छाले येणे, चिडचिड, भूक न लागणे
- मोठ्या माणसात बरा न होणारा रक्तक्षय, हाडे दुखणे, काही स्त्रियांत वारंवार गर्भपात

हा आजार रक्ताच्या नात्यात चालतो. घरात एकाला निघाला तर भावंडांची आणि आईवडिलांची तपासणी करावी. लहान वयात मधुमेह झालेल्या मुलांतही तो अधिक आढळतो. उत्तर भारतात शंभर माणसांत साधारण एकाला हा आजार आहे. दक्षिणेत, जिथे तांदूळ जास्त खातात, तिथे तो बराच कमी आढळला आहे.

मुलाला मेडिकल, मेयो किंवा मिहानच्या एम्समधील बालरोग विभागात दाखवा आणि "टीटीजी-आयजीए" या रक्ततपासणीबद्दल विचारा. ती दोषी आली तर डॉक्टर बहुधा दुर्बिणीतून आतड्याचा बारीक तुकडा काढून खात्री करतात.

एक गोष्ट लक्षात ठेवा: तपासणी होण्याआधी गहू बंद करू नका. पोळी बंद केली की रक्तातली ती खूण हळूहळू कमी होते. मग आजार असूनही तपासणी कोरी येते आणि लेकरू पुन्हा "अशक्त" म्हणून घरी परतते. शेजाऱ्याच्या सांगण्यावरून किंवा मोबाइलवर पाहून गहू सोडणाऱ्यांची नेमकी हीच फसगत होते.

निदान पक्के झाले की उपचार एकच: ग्लूटेन आयुष्यभर बंद. आतडे भरून येते, रक्त वाढते, लहान मुलांची राहिलेली उंचीही बरीच भरून निघते. पण "कधीतरी एखादा घास" चालत नाही. एका पोळीत दोन-तीन ग्रॅम ग्लूटेन असते, आणि रोज ५० मिलिग्रॅम म्हणजे पोळीचा लहानसा कपटाही आतड्याला इजा करू शकतो.

आजीचे धान्य

हे ऐकून आईवडील घाबरतात. रेशनवर गहू-तांदूळ मिळतो, मग लेकराला काय घालायचे? बाजारात "ग्लूटेन-फ्री" लिहिलेले पाकीट हाताला लागत नाही इतके महाग. पण थोडे मागे पाहा. दोन पिढ्यांपूर्वी आपल्या घरात रोजची पोळी कुठे होती? ज्वारीची भाकर, कण्या, आंबील हेच जेवण होते. मजुरीही अनेकदा ज्वारीतच मिळे. पोळी ही सणाची किंवा मोठ्या घरची गोष्ट. त्यामुळे ज्वारी म्हणजे गरिबी असे आपल्या मनात बसले आणि हातात चार पैसे येताच आपण पोळीकडे वळलो. आज तीच ज्वारी शहरात पाकिटात भरून महागड्या दुकानात विकली जाते. सिलिॲक असलेल्या लेकरासाठी ती गरिबीचे अन्न नाही, ते त्याचे औषध आहे.

अंडे-दुधाशिवाय केक फुलतो कसा?

नेहमीच्या केकमध्ये ग्लूटेन जाळे विणते आणि त्यात हवा अडकते. अंडे सगळे बांधून ठेवते, दूध ओलावा देते. ही तिन्ही कामे आपण दुसऱ्यांकडून करून घेणार आहोत. जवसाची पूड पाण्यात भिजली की अंड्याच्या पांढऱ्यासारखी बुळबुळीत होते, ती पीठ बांधते. पिकलेले केळे ओलावा आणि गोडवा देते. संत्र्याच्या रसातले आम्ल खाण्याच्या सोड्याला भेटले की वायूचे बुडबुडे सुटतात, त्याने केक फुलतो.

अंडे आणि दूध का टाळले, हेही सांगायला हवे. काही मुलांना अंड्याची ॲलर्जी असते. सिलिॲकमध्ये आतडे झिजलेले असताना दूध पचायलाही काही महिने त्रास होऊ शकतो. असा केक सगळ्यांनाच खाता येतो. पण ज्याला अंडे चालते त्याने ते जरूर खावे. वाढत्या लेकरासाठी अंड्याइतके स्वस्त आणि चांगले प्रथिन क्वचितच मिळते.

साहित्य (वाटी म्हणजे चहाच्या कपाएवढी, साधारण १५० मिली, ९-१० लहान केक होतात)

- ज्वारीचे बारीक चाळलेले पीठ: २ वाट्या
- तांदळाचे पीठ: अर्धी वाटी
- भाजून बारीक केलेली जवसाची पूड: २ मोठे चमचे
- खूप पिकलेली केळी: २
- संत्र्याचा रस: पाऊण वाटी (साधारण २ संत्री)
- किसलेला गूळ: पाऊण वाटी
- तेल: पाव वाटीपेक्षा थोडे जास्त
- बेकिंग पावडर: दीड लहान चमचा
- खाण्याचा सोडा: अर्धा लहान चमचा
- मीठ: चिमूटभर
- वरून: पपईचे किंवा चिकूचे बारीक तुकडे

कृती

१. जवसाची पूड ६ मोठे चमचे कोमट पाण्यात कालवून १० मिनिटे ठेवा. घट्ट बुळबुळीत झाली पाहिजे.

२. संत्र्याच्या रसात गूळ विरघळवून गाळून घ्या. त्यात कुस्करलेली केळी, तेल आणि भिजलेले जवस घालून फेटा.

३. दोन्ही पिठे आणि मीठ घालून ढवळा. इडलीच्या पिठाइतके दाट हवे. घट्ट वाटले तर दोन-तीन चमचे पाणी घाला. आता २० मिनिटे झाकून ठेवा. ज्वारीचे पीठ सावकाश पाणी पिते. ही वीस मिनिटे वाचवली तर केक दाताखाली रवाळ लागतो.

४. तोवर जाड बुडाच्या कढईत वाटीभर जाडे मीठ किंवा धुऊन वाळवलेली रेती पसरा, वर लोखंडी कडे ठेवा, झाकण लावून मध्यम आचेवर १० मिनिटे तापवा. यासाठी कुकर वापरू नका, पाण्याशिवाय तापवल्याने तो खराब होतो.

५. स्टीलच्या लहान वाट्यांना तेल लावून तांदळाचे पीठ भुरभुरा. बेकिंग पावडर आणि सोडा अगदी शेवटी पिठात मिसळा आणि लगेच वाट्या पाऊण भरा. सोडा घालून पीठ ठेवून दिले तर बुडबुडे निघून जातात आणि केक बसतो. वर फळांचे तुकडे ठेवा.

६. वाट्या कड्यावर ठेवून झाकण लावा. मंद ते मध्यम आचेवर ३०-३५ मिनिटे लागतात. एका वेळी मावतील तेवढ्याच ठेवा. सगळ्या मावत नसतील तर पिठाचे आधीच दोन भाग करा आणि दुसऱ्या भागात सोडा नंतर घाला. सुरी खुपसून कोरडी निघाली की झाले.

गॅस वाचवायचा असेल तर याच वाट्या इडलीपात्रात १८-२० मिनिटे वाफवा. वरचा खमंग तपकिरी रंग येणार नाही, पण केक मऊ होतो.

पूर्ण गार झाल्यावरच वाटीतून काढा, गरम असताना ज्वारीचा केक तुटतो. आपल्या उन्हाळ्यात तो त्याच दिवशी किंवा दुसऱ्या सकाळपर्यंत संपवा. कडक झाला तर पाच मिनिटे वाफ द्या.

मृग बहाराची संत्री फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत बाजारात असतात, म्हणजे भीमजयंतीला ती मिळतात. शिजवताना संत्र्यातले क जीवनसत्त्व बरेच नष्ट होते, म्हणून केकसोबत कच्च्या संत्र्याच्या दोन-चार फोडी द्या. त्याने ज्वारी आणि जवसातले लोह शोषायला मदत होते. लगेच वर चहा देऊ नका, चहा लोह अडवतो. आणि गूळ घातला म्हणून हा केक मधुमेहींसाठी मोकळा नाही. गूळही साखरच.

गहू लपून येतो

पीठ ज्वारीचे, पण ते ज्या चक्कीवर दळले तिथे आधी गहू दळला असेल तर तो त्यात मिसळतो. सिलिॲक असलेल्या लेकरासाठी ज्वारी निवडून, घरच्या मिक्सरमध्ये थोडी थोडी दळून बारीक चाळणीने चाळावी. चाळणी, परात आणि डबा वेगळा ठेवावा. पुऱ्या तळलेल्या तेलात त्याचे काही तळू नये.

बाजारच्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ असते. रवा, शेवया, दलिया, टोस्ट, बिस्किट, समोसा, नूडल्स यांत गहू आहेच. पाकिटावर "ग्लूटेन-फ्री" लिहायचे तर एक किलो पदार्थात २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन असता कामा नये, असा आपल्या देशाचा नियम आहे. बेकिंग पावडरच्या डब्यावरही घटक वाचून घ्या.

ज्यांना हा आजार नाही त्यांनी गहू सोडण्याची काही गरज नाही. ग्लूटेन सोडल्याने वजन उतरते किंवा शक्ती येते, ही फक्त जाहिरात आहे.

मंडळांसाठी

दीक्षाभूमीवर आणि विहाराविहारात भोजनदान होते तेव्हा पुरी-भाजी वाटली जाते. तिथे एक भांडे साध्या भाताचे आणि हिंग न घातलेल्या वरणाचे ठेवा, त्याला वेगळी पळी ठेवा आणि "गहू नाही" अशी चिठ्ठी लावा. त्यासाठी फार खर्च येत नाही. जयंतीच्या रात्री मोठ्या केकच्या शेजारी ज्वारीचे दहा केकही ठेवा, आणि ते फक्त आजारी लेकराला न देता सगळ्या पोरांना वाटा. त्या रात्री सगळ्यांसोबत खाल्लेला तो एक केक त्या लेकराच्या लक्षात राहील.